'ब्रास' या पटखेळातील उद्योगविश्व आणि अनुपस्थित कापूस

प्रास्ताविक

मैदानी खेळांविषयी आणि खेळाडूंविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पटावर मांडल्या जाणाऱ्या खेळाकडे मात्र एक रचलेली कृती म्हणून, म्हणजे जिला कर्ता आहे, रूपबंध आहे आणि जगाविषयी काही म्हणणे आहे अशी निर्मिती म्हणून पाहण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा पडला नाही. सारीपाट, बुद्धिबळ, सापशिडी यांना ज्ञात कर्ता नसल्यामुळे ते स्वाभाविकही होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात परिस्थिती बदलली. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असावे तसे पटखेळाच्या खोक्यावर रचनाकाराचे नाव छापले जाऊ लागले आणि एकाच रचनाकाराच्या निरनिराळ्या खेळांतून त्याची दृष्टी शोधणे शक्य झाले. योहान हॉयझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळ ही संस्कृतीची जननी असल्याचे प्रतिपादन केले होते. इयान बोगोस्ट यांनी २००७ मध्ये त्याहून नेमका मुद्दा मांडला. खेळ जे म्हणतो ते चित्रांतून वा कथेतून नव्हे, तर नियमांतून म्हणतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल.

योगायोगाने त्याच २००७ साली मार्टिन वॉलेस या ब्रिटिश रचनाकाराचा 'ब्रास' हा खेळ प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या उत्तर भागातील बोलीत 'ब्रास' म्हणजे केवळ पितळ नव्हे, पैसाही. १७७० ते १८७० या शंभर वर्षांतील लँकेशायर परगणा, तेथील कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, लोखंडाचे कारखाने, बंदरे आणि गोद्या हे या खेळाचे विश्व आहे. २०१८ मध्ये तो 'ब्रास : लँकेशायर' या नावाने नव्या देखण्या रूपात निघाला आणि त्याच वर्षी 'ब्रास : बर्मिंगहॅम' हे त्याचे भावंडही आले. उद्योग उभारणीचे इतके समर्थ चित्रण करणारे पटखेळ थोडेच आहेत. प्रस्तुत लेखात या सामर्थ्याचे स्वरूप तपासले असून, त्याच सामर्थ्यामुळे उघडी पडणारी एक मोठी उणीव दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

'व्यापारा'त नसलेला व्यापार

'ब्रास'चे वेगळेपण कळण्यासाठी अगोदर एका परिचित खेळाकडे वळावे लागते. आपल्या घरांतून 'व्यापार' या नावाने सुट्टीच्या दुपारी मांडला जाणारा खेळ हा अमेरिकन 'मोनोपॉली'चा देशी अवतार होय. त्याचे मूळ एलिझाबेथ मॅगी यांच्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये असून त्याचे एकस्व त्यांना १९०४ मध्ये मिळाले. मॅगी या हेन्री जॉर्ज यांच्या जमीनकरविषयक विचारांच्या अनुयायी होत्या. जमीन अडवून बसलेला मालक इतरांना कसा नागवतो हे खेळातून दिसावे, हा त्यांचा हेतू होता. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने बाजारात आणलेल्या आवृत्तीत तो हेतू विरून गेला आणि ज्या नागवणुकीविषयी सावध करायचे होते तिचाच आनंद खेळणाऱ्यांना मिळू लागला.

तथापि 'व्यापार' म्हणविणाऱ्या या खेळात व्यापार जवळजवळ नाहीच. तेथे काही पिकत नाही, काही घडवले जात नाही, घडवलेले विकावे लागत नाही. फासे पडतात, सोंगटी दुसऱ्याच्या जागेत जाऊन थांबते आणि भाडे द्यावे लागते. कोणाचे दान कसे पडले यावर कोणाचे दिवाळे निघणार हे ठरते. दुसऱ्याच्या अस्तित्वाशी आपला संबंध एवढाच, की तो आपल्याला लुटेल किंवा आपण त्याला लुटू.

व्यापाराविषयीचा गंभीर पटखेळ या समजुतीपासून दूर जाऊनच घडला आहे. फ्रान्सिस ट्रेशॅम यांच्या १९७४ मधील '१८२९' आणि १९८६ मधील '१८३०' या रेल्वेविषयक खेळांत खेळाडू हा कारखानदार नसून भागधारक असतो. कंपनीची तिजोरी वेगळी आणि त्याचा खिसा वेगळा. एखादी कंपनी पोखरून तिचे ओझे दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे, ही '१८३०'मधील सर्वपरिचित खेळी आहे. ट्रेशॅम यांना भांडवलाचा कावेबाजपणा दिसला, असे म्हणता येईल. वॉलेस यांचे लक्ष दुसरीकडे आहे.

नियमांतून साकारणारा उद्योजक

'ब्रास'मध्ये फासे नाहीत. प्रत्येक खेळाडू दर फेरीत हातातील दोन पत्ते टाकतो आणि दोन कृती करतो. उद्योग उभारणे, कालवा वा लोहमार्ग घालणे, तंत्रात सुधारणा करणे, कापड विकणे आणि कर्ज काढणे या पाचांतूनच निवड करायची असते. उद्योग उभारायचा तर पत्ताही जुळावा लागतो. एक तर त्या गावाचा, नाहीतर त्या उद्योगाचा. चौघांच्या डावात अथपासून इतिपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे तीस कृती येतात. शंभर वर्षांच्या औद्योगिक क्रांतीला तीस निर्णय! या काटकसरीतच खेळाचा ताण आहे. पैसा कर्जाऊ मिळतो, कृती मिळत नाही. उद्योजकाजवळ खरी टंचाई भांडवलाची नसून संधीची असते, हे येथे कोणी बोलून दाखवत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ते हाताला कळलेले असते.

या खेळातील मध्यवर्ती कल्पना 'चकती उलटणे' ही आहे. गिरणी, खाण वा बंदर उभे करणे म्हणजे त्या गावाच्या चौकटीत आपली एक पुठ्ठ्याची चकती ठेवणे. परंतु चकती ठेवल्याने मिळत काहीच नाही. उलट पैसे जातात. उद्योगाचा उपयोग झाला की चकती उलटते आणि मगच मालकाचे उत्पन्न वाढते. उपयोग कोणी करायचा याबाबतचे नियम विलक्षण अर्थपूर्ण आहेत. खाणीवर ठेवलेले कोळशाचे सर्व ठोकळे खर्ची पडले की खाणीची चकती उलटते. ते ठोकळे मालकानेच वापरले पाहिजेत असे नाही. खाणीपर्यंत कालव्याने वा लोहमार्गाने पोहोचता येत असेल, तर प्रतिस्पर्धीही ते उचलू शकतो, आणि त्यासाठी त्याला एक पैही मोजावी लागत नाही. लोखंडाला तर तेवढ्या जोडणीचीही अट नाही. म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपला कारखाना उभा राहतो आणि आपल्या कारखान्यामुळे दुसऱ्याचे उत्पन्न वाढते. बंदराचेही तेच. बोल्टनच्या गिरणीचा मालक आपले कापड दुसऱ्याच्या बंदरातून विकतो तेव्हा गिरणी आणि बंदर या दोन्ही चकत्या एकदम उलटतात.

त्यामुळे 'ब्रास'चा मुरलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याला कसे रोखावे याचा विचार जेवढा करतो, त्याहून अधिक विचार त्याला आपली गरज कशी लागेल याचा करतो. कोळसा संपत आला असेल तेव्हा खाण काढावी, कापडाच्या गिरण्या वाढल्या असतील तेव्हा बंदर बांधावे. दुसऱ्याच्या निकडीच्या अर्धा पाऊल पुढे असणे, हेच येथील कौशल्य आहे. एकमेकांच्या मदतीने श्रीमंत होत असतानाच स्पर्धा चालू राहते. हॉयझिंगांच्या प्रतिपादनात ज्या चुरशीला मोठे स्थान आहे तिचे हे रूप 'व्यापार'मध्ये कल्पनेतही येऊ शकले नसते. ऐतिहासिकदृष्ट्याही ते खरे आहे. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने खोदवलेला कालवा १७६१ मध्ये मँचेस्टरकडे कोळसा वाहू लागला तेव्हा शहरातील कोळशाचा भाव निम्म्याच्या आसपास उतरला, असे इतिहासकार नोंदवतात. लाभ ड्यूकचा झाला आणि मँचेस्टरचाही.

कर्जाची रचनाही अशीच लक्षणीय आहे. मूळ खेळात दहा, वीस किंवा तीस पौंड कर्ज काढता येते आणि त्या प्रमाणात उत्पन्नाची पातळी एक, दोन किंवा तीन पायऱ्यांनी घसरते. मुद्दल परत करण्याची सोयच नाही. कर्ज म्हणजे भविष्यातील उत्पन्नाचा कायमचा तुकडा आज विकणे, ही व्याख्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे. नवखा खेळाडू कर्जाला भितो. त्याच्यावर झालेले संस्कार त्याला तसे शिकवतात आणि तो हरतो. अनुभवी खेळाडू आरंभीच, उत्पन्न गमावण्यासारखे काही नसतानाच, मोठे कर्ज उचलून मोकळा होतो. रेल्वेकालखंडाच्या उत्तरार्धात पत्त्यांचा गठ्ठा संपला की पतपेढीचे दार बंद होते. मग हळहळून उपयोग नसतो. शेवटी हिशोब होतो तो गुणांचा, आणि हातातल्या रोख रकमेला दर दहा पौंडांमागे अवघा एक गुण. 'पैसा' हेच ज्याचे नाव आहे त्या खेळात पैशाला इतकी कमी किंमत असावी, हा वॉलेस यांचा मिस्कीलपणा म्हणावा काय?

आणखी एका नियमाची दखल घ्यावी लागते. खेळाचे दोन कालखंड आहेत, कालव्यांचा आणि लोहमार्गांचा. पहिला संपताच पटावरील सर्व कालवे उचलले जातात आणि पहिल्या पातळीचे सारे उद्योगही नाहीसे होतात. दोन तास खपून विणलेले जाळे क्षणात मोकळे होते. दुसऱ्या वा वरच्या पातळीचे उद्योग तेवढे तगतात आणि दोन्ही कालखंडांत गुण देतात. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली तेव्हा कालव्यांच्या मालकांना जे जाणवले असेल, त्याची अल्पशी झळ पटाभोवती बसलेल्यांना लागते. कालबाह्य होणे हा उद्योगातील अपघात नसून नियम आहे, हे इतक्या निष्ठुर साधेपणाने सांगणारी कलाकृती विरळा.

गिरणी आहे, कापूस कोठे आहे?

येथवर 'ब्रास'चे केलेले कौतुक मागे घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या खेळाचे नियम इतके सत्यनिष्ठ आहेत त्याला प्रश्नही तितकेच नेमके विचारले पाहिजेत. या खेळाच्या केंद्रस्थानी कापडगिरणी आहे. ती बांधण्यासाठी पैसा लागतो, वरच्या पातळीच्या गिरणीला कोळसा आणि लोखंड लागते. कोळशाला जोडणी हवी, लोखंडाला नको, एवढा बारकावा रचनाकाराने पाळला आहे. कापूस मात्र लागत नाही. गिरणी उभी राहताच जणू तिच्यात कापड तयार असते. प्रश्न उरतो तो फक्त विकण्याचा. पटावर कापसाचा एकही ठोकळा नाही, कापूस कोठून येतो हे दाखवणारी एकही जागा नाही. बंदरे आहेत, पण ती एकाच दिशेने चालतात. त्यांतून माल बाहेर जातो, आत काही येत नाही.

प्रत्यक्षात लिव्हरपूल हे आधी कापूस उतरवून घेणारे बंदर होते आणि मग कापड पाठवणारे. त्याआधी ते गुलामांच्या व्यापाराचे बंदर होते. ब्रिटनने हा व्यापार कायद्याने बंद केला तो १८०७ मध्ये, म्हणजे खेळाच्या कालखंडातील पहिली सदतीस वर्षे उलटल्यावर. १७९३ मध्ये इलाय व्हिटनी यांनी सरकी काढण्याचे यंत्र बनवल्यानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या श्रमावर कापसाचे मळे पसरले आणि १८६० च्या सुमारास ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तेथूनच येत होता. लँकेशायरच्या उद्योजकाचे यश ज्या एका वस्तूवर सर्वाधिक अवलंबून होते ती वस्तू, परस्परावलंबनाचे एवढे सूक्ष्म गणित मांडणाऱ्या खेळातून गळाली आहे.

हा केवळ नैतिक आक्षेप नव्हे. रचनेच्या अंगाने तो अधिक टोकदार होतो. 'ब्रास'मध्ये बंदराखेरीज कापड विकण्याचा दुसरा मार्ग म्हणजे 'दूरची बाजारपेठ'. तेथे विकायचे तर एक चकती उघडावी लागते. तिच्यावरील आकड्याइतकी मागणी घसरते आणि तळाला पोहोचली की त्या कालखंडापुरती ती पेठ बंद. पत्त्यांच्या वाटपाखेरीज संपूर्ण खेळात दैवाला वाव आहे तो येथेच. म्हणजे वॉलेस यांच्या जगात अरिष्ट येते ते गिऱ्हाइकाच्या बाजूने. परंतु १७७० ते १८७० या शतकात लँकेशायरवर आलेले सर्वांत भीषण अरिष्ट पुरवठ्याच्या बाजूचे होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि कापूस येईनासा झाला. गिरण्या थंडावल्या, लक्षावधी कामगार बेकार झाले वा अर्ध्या कामावर आले. इंग्लंडच्या इतिहासात १८६१ ते १८६५ हा काळ 'कापसाचा दुष्काळ' म्हणूनच ओळखला जातो. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेला मँचेस्टरच्या कामगारांनी त्याही स्थितीत १८६२ च्या अखेरीस सभा भरवून पाठिंबा कळवला, आणि पुढच्या महिन्यात लिंकन यांनी त्यांना पत्राने उत्तर दिले. खेळाच्या शेवटच्या दहा वर्षांत घडलेली ही घटना पटावर घडूच शकत नाही, कारण तिला घडायला जागाच नाही.

मराठी वाचकाला ही पोकळी विशेष जाणवण्याचे कारण त्याच्या भूगोलात आहे. अमेरिकन कापूस बंद होताच लँकेशायरची नजर हिंदुस्थानाकडे वळली. आखूड धाग्याच्या 'सुरती' कापसाला तेथील गिरण्यांत नावे ठेवली जात. तरी तोच घ्यावा लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे भाग चढत्या भावाने विकले गेले. आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. कापसाच्या मागणीला अनुसरून लोहमार्ग वऱ्हाडात शिरले. खामगावच्या शाखेचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले ते १८७० मध्ये, म्हणजे ज्या वर्षी 'ब्रास'चा काळ संपतो नेमक्या त्याच वर्षी. खेळात लोहमार्गाचा प्रत्येक दुवा त्याच्या दोन टोकांच्या गावांतील भरभराटीनुसार गुण देतो. या हिशोबाने खामगावचा दुवा बराच गुणवान ठरला असता; फक्त त्याचे दुसरे टोक पटाच्या बाहेर पडते. स्वेन बेकर्ट यांनी 'एम्पायर ऑफ कॉटन' (२०१४) या ग्रंथात मँचेस्टर, मिसिसिपी आणि वऱ्हाड यांना एकाच कथेत गुंफले आहे. त्या कथेचा एक तृतीयांश भाग म्हणजे 'ब्रास'चा पट, असे ढोबळपणे म्हणण्यास हरकत नाही.

गिरणी या शब्दाचा आणखी एक अर्थ मराठी मनात आपोआप उमटतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली तेव्हापासून मराठीत गिरणी म्हटली की भोंगा, चाळ, पाळी आणि कामगार आला. नारायण सुर्वे यांच्या कवितेने आणि जयंत पवार यांच्या 'अधांतर'ने हा शब्द माणसांनी भरून ठेवला आहे. 'ब्रास'च्या गिरणीत माणूस नाही. मजुरी द्यावी लागत नाही, संप होत नाही. कापसाच्या अनुपस्थितीपेक्षा ही अनुपस्थिती मात्र अधिक क्षम्य वाटते, कारण खाणीत, गोदीत, लोखंडाच्या कारखान्यातही श्रम दाखवलेले नाहीत. ते सगळीकडेच गृहीत धरले आहेत. कापसाचे तसे नाही. कच्चा माल दाखवण्याची भाषा खेळाजवळ आहे, ती कोळशासाठी आणि लोखंडासाठी वापरलीही आहे. कापसाशी येऊनच ती थांबते.

यावर एक बचाव संभवतो, आणि तो फेटाळण्याआधी नीट ऐकला पाहिजे. पटखेळ हा इतिहासग्रंथ नव्हे. प्रत्येक नवा कच्चा माल म्हणजे नवे ठोकळे, नवा बाजारभाव, नवे नियम. 'ब्रास' आधीच अवघड आहे, त्यात कापूस आणला तर तो खेळता येणार नाही. निवड करणे हाच कलेचा धर्म असून कोणतीही निवड काहीतरी वगळतेच. हा युक्तिवाद तत्त्वतः मान्य करावा लागेल. कादंबरीतही लेखक शहराची एकच गल्ली दाखवतो आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही.

परंतु या बचावाला २०१८ च्या 'ब्रास : बर्मिंगहॅम'ने परस्परच उत्तर दिले आहे. गॅव्हन ब्राउन आणि मॅट टोलमन यांनी वॉलेस यांच्या मूळ रचनेवरून हा खेळ बेतला. त्यात बंदरे आणि गोद्या काढून टाकल्या, कुंभारकाम आणि कारखान्यांतील तयार माल आणला आणि एक अगदी नवी गरज निर्माण केली. बाजारात माल विकायचा तर बहुतेक वेळा बिअरचे पिंप खर्ची घालावे लागते. त्यासाठी बिअरचे कारखाने उभारावे लागतात, आणि कोळशा-लोखंडाप्रमाणेच दुसऱ्याची बिअरही जोडणी असल्यास वापरता येते. या एका भरीने खेळ कोलमडला नाही. उलट अनेक जाणकार मूळ खेळापेक्षा हाच अधिक पसंत करतात. तेव्हा आणखी एका पदार्थाला पटावर जागा होती, हे सिद्ध झाले. ती बिअरला मिळाली. कापडगिरणी बर्मिंगहॅमच्या पटावरही आहे, आणि तिच्यात आजही कापसाचा एक बोंड न येता कापड तयार होते.